पाठमोऱ्या बाईचा फोटो

१

रविवारी सकाळी चहाच्या सुट्टीत हॉटेलच्या काउंटरवरचा फोन वाजला, आणि काउंटरवर कुणी नव्हतं म्हणून तो मीच उचलला.

"ते वेबसाइटचं शिबिर चाललंय ते हेच न्हवं?" पलीकडून पुरुषाचा आवाज आला. अगदी सावकाश, सोयरिकीची बोलणी करायला आल्यासारखा.

"हो, हेच. बोला."

"क्रांतीला निरोप द्या. तयार राहा म्हणावं. जेवायच्या आत न्यायला येतोय."

माझ्या हातातला चहा बशीत सांडला. "इथं क्रांती नावाचं कुणी नाही."

"हाय की. खिडकीला बसतीया. हिरवी ओढणी." तो जरा हसला. "लई दिसांनी हसली म्हणं. हसू दे म्हणावं. आज शेवटचाच दिस हाय न्हवं तुमचा?"

फोन बंद झाला. मी रिसीव्हर हातात धरून तशीच उभी राहिले. समोर दाराबाहेर धुकं होतं, आणि त्या धुक्यातून आत्ता कुणीतरी चालत येईल असं वाटून मी आधी दाराला कडी लावली. हॉटेलचं दार, भर सकाळी. वेटर माझ्याकडं बघतच राहिला.

मी अनुजा. राजारामपुरीत माझं वेबसाइटी बनवायचं छोटं ऑफिस आहे. दरवर्षी मी तीन दिवसांचं शिबिर घेते. पुण्या-सांगलीपासून बेळगावपर्यंतची या धंद्यातली माणसं येतात, लॅपटॉप मांडून बसतात आणि हातानं करून शिकतात. भाषणं ठोकणाऱ्यांना मी बोलावतच नाही. माझं डोकं लवकर तापतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं कुणी नादाला लागत नाही. यंदा पन्हाळ्यावर घेतलं, कारण ऑगस्टात तिथं हॉटेल रिकामं मिळतं. ते का रिकामं असतं हे वर गेल्यावर कळलं. हाताला हात दिसत नव्हता, आणि आमच्या हॉटेलकडं येणारा रस्ता एकच होता.

शिबिरात क्रांती होती. पण तिथं ती नंदा होती. नोंदणीत नंदा, गळ्यातल्या पाटीवर नंदा. खरं नाव मला एकटीला ठाऊक होतं. कागलच्या पुढच्या एका गावातून ती गेल्या वर्षी अंगावरच्या कपड्यानिशी पळून आली होती. नवऱ्यानं, राजवीरनं, तिच्या अंगावर रॉकेल ओतलं होतं आणि काडीपेटी ओली निघाली, म्हणून ती जगली. तेव्हापासून ती बायकांच्या एका वसतिगृहात राहून माझ्याकडं काम शिकत होती. हात चांगला होता तिचा. शिबिराला चल म्हणून मीच मागं लागले होते.

आणि आता त्याला ती कुठं बसते हेसुद्धा माहीत होतं.

२

पोलिसांना फोन केला. निघतो म्हणाले, पण धुक्यात वर यायला वेळ लागेल.

मग मी मेहमुदाआपांच्या खोलीत शिरले. मेहमुदाआपा आमच्या शिबिरातल्या सगळ्यात कडक मास्तरीण. जन्मापासून दिसत नाही. फोनमधला आवाज पान वाचून दाखवतो तो ऐकून त्या वेबसाइट वापरतात, आणि आंधळ्या माणसाला वापरता येईल अशी वेबसाइट कशी बनवायची हे शिकवतात. शुक्रवारी दुपारचा वर्ग त्यांचाच होता. प्रत्येक फोटोला एक वर्णन जोडता येतं. ते डोळ्यानं बघणाऱ्याला दिसत नाही, फोनमधला आवाज तेवढा वाचतो. ते लिहायचा सराव त्यांनी सगळ्यांकडून करून घेतला होता. "टेबल, खुर्ची, लॅपटॉप असलं लिवू नका," असं खडसावलं होतं. "फोटोत माणूस हाय. ऐकणाऱ्याला ते माणूस कळलं पायजे."

मी सगळं सांगितलं. क्रांतीचं खरं नावही.

"तिला गाडीत घाल आणि खाली ने," आपा म्हणाल्या.

"कुणाच्या गाडीत? आपा, इथलं कुणीतरी त्याला सांगतंय. ती कुठं बसते, काय घालते, हसते कधी. ज्यानं सांगितलं त्याच्याच गाडीत तिला बसवलं तर? खाली जाणारा रस्ता एक. तो वळणावर उभाच असेल."

आपांनी मान हलवली. त्यांना पटलं होतं, आणि त्यांना पटलं म्हणून मी आणखी घाबरले. नुसता वहीम असता तर बरं झालं असतं.

"गाड्या कुणाच्या हायत?"

"ऋतुराजची आणि नौमानची. आणि सम्राटची बुलेट. बाकीची सगळी बसनं आलीत, आणि बस संध्याकाळी."

"मग तिघांना एकेक करून हितं पाठव. कुणाच्या गाडीवर भरवसा ठेवायचा ते बघू. आणि त्या पोरीला माझ्या बाथरूममध्ये बसव. आतनं कडी लाव म्हणावं."

मी क्रांतीला घेऊन आले. वाटेत तिला सांगितलं. ती रडली नाही की काही विचारलं नाही. तिनं फक्त पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, पळायचं झालं तर आवाज नको म्हणून.

३

पहिला सम्राट आला. शिबिराचे फोटो काढायला मी त्याला लावला होता. गळ्यात कॅमेरा, अंगाला अत्तराचा वास.

"त्या नंदाचे फोटो तू किती काढलेस?" मी थेट विचारलं.

"एकच, मॅडम. तुम्हीच दम भरलाता की, त्या बाईंचा चेहरा आला तर कॅमेरा फोडीन. शुक्रवारी एक काढला, पाठमोरा." त्यानं दाखवला. खिडकी, खिडकीतलं धुकं, हिरव्या ओढणीची पाठ, बांधलेले केस. चेहऱ्याची कडसुद्धा दिसत नव्हती.

"ती हसत होती तेव्हा?" आपांनी विचारलं.

"मी मागं उभा होतो. मला काय म्हाईत?"

तो गेल्यावर मी म्हणाले, "खोटं बोलत असेल."

"आसंल," आपा म्हणाल्या. "पुढचा बोलव."

नौमान आत आला आणि माझा संशय पक्का झाला. कारण नौमान कागलचा. शुक्रवारी जेवताना मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, तो क्रांतीला विचारत होता, "तुम्ही आमच्याकडच्या वाटता." तो तिच्या समोरच्या टेबलावर बसायचा. तिचं हसू दिसेल तर त्यालाच दिसणार. माझा तोल सुटला.

"राजवीरला ओळखतोस का रे?"

"ओळखतो," तो म्हणाला.

त्यानं सहज कबूल केलं. मी उठून दाराकडं गेले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. त्याला अडवायची ताकद माझ्यात नव्हती हा भाग वेगळा.

"तूच सांगितलंस त्याला."

नौमानचा चेहरा लाल झाला. "मॅडम, कागलात राजवीरला कोण ओळखत न्हाय? माझ्या अम्मीचं शिलाईचं दुकान हाय. ह्या बाई तिच्याकडं ब्लाउज शिवायला यायच्या. अम्मीनं ह्यांच्या पाठीवरचे वळ बघितलेत. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. बोलून गेलो, मग त्यांचा चेहरा बघितला आणि जीभ चावली. ओळखलं म्हणूनच गप बसलो." तो माझ्याकडं बघत राहिला. "तुम्ही मलाच पहिला धरला न्हवं?"

"पहिला सम्राटला," मी म्हणाले. पण तो काय म्हणतोय ते मला कळलं होतं.

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बाथरूममध्ये काहीतरी खाली पडलं. आम्ही तिघंही श्वास रोखून उभे. मग वेटरचा आवाज आला. दुधाची गाडी होती.

तिसरा ऋतुराज. शिबिराची वेबसाइट त्यानं बनवलेली. पोरगा हुशार, पण आपल्या कामाचं कौतुक ऐकायला जीव टाकणारा. शनिवारी दिवसभर तो वर्गातून उठून फोन घेऊन बाहेर जात होता, हे मला आत्ता आठवलं.

"काल सारखा बाहेर कुठं जात होतास?"

"रेंज येत न्हवती आत. फोटो टाकत होतो साइटवर." तो एकदम खुलला. "बघितली का मॅडम? शुक्रवारचे सगळे फोटो चढवले. एकेक तपासून. नंदाताईंचा चेहरा कुठंबी न्हाय. तुम्ही सांगितलंत तसं."

मी फोनवर साइट उघडली. पानावर शिबिराचं नाव, हॉटेलचा पत्ता, काउंटरचा नंबर. खाली फोटो. मी प्रत्येक फोटो मोठा करून बघितला. चेहरा नाही, नाव नाही, काही नाही. तरी राजवीरला सगळं माहीत होतं.

"मग तिघांपैकी कोण?" ऋतुराज गेल्यावर मी विचारलं.

आपांनी हात वर केला. "तो फोनवर काय बोलला ते मला पुन्यांदा सांग. तुझं काय घालू नको त्यात. त्याचंच सांग."

४

मी सांगितलं. खिडकीला बसते. हिरवी ओढणी. लई दिसांनी हसली म्हणं.

"आज तिनं काय घातलंय?"

"पिवळा ड्रेस."

"काल?"

"निळा. हिरवी ओढणी शुक्रवारी होती."

"मग सांगणारा आज हॉलमध्ये न्हाय. कालबी न्हवता. आज हितं बसून कुणी कळवत असतं तर पिवळा म्हणाला असता. त्याला मिळालंय ते शुक्रवारचं हाय, शिळं."

मी जरा श्वास घेतला. "म्हणजे फोटोवरनं. फोटोत हिरवी ओढणी आहे, खिडकी आहे."

"फोटोत हसू हाय का?"

नव्हतं. पाठ हसत नाही.

"नौमानला दिसलं असेल की, समोर बसायचा."

"हसली, हे नौमानला दिसंल. ज्याला डोळे हायत त्याला दिसंल," आपा म्हणाल्या. "पण लई दिसांनी हसली, हे कसं दिसंल गं? ती कधीपास्नं हसली न्हाय हे कुणाच्या तोंडावर लिवलेलं असतं का? तुलाबी म्हाईत न्हवतं. ते बघणाऱ्याला कळत न्हाय, अनुजा. ते ज्याचं त्यालाच कळतं."

मी बाथरूमच्या दाराकडं बघितलं.

"न्हाय, तिनं फोन केला न्हाय," आपा म्हणाल्या. "तसं मनात आणू नको. तुझ्या त्या साइटचं पान काढून दे मला."

मी त्यांच्या फोनवर पान काढून दिलं. त्या बोटानं एकेक फोटो पुढं सरकवायला लागल्या आणि फोनमधली ती बाई, जिला ना दुःख ना आनंद, वाचायला लागली. "चित्र. तीन तरुण एका पडद्याकडे बघत आहेत." आपांनी बोट सरकवलं. "चित्र. चहाचे कप आणि एक मांजर." पुन्हा सरकवलं.

"चित्र. ही क्रांती आहे. ती खिडकीजवळ बसली आहे. तिनं हिरवी ओढणी घेतली आहे. तुम्हाला तिची पाठ दिसते, पण ती हसते आहे. खूप दिवसांनी हसली आहे."

मी बघितलेलाच फोटो होता तो. मी मोठा करून, निरखून बघितलेला. नाव तिथंच होतं, आणि डोळे असलेल्या आम्ही सगळ्यांनी ते बघितलं नव्हतं.

"शुक्रवारचा सराव," मी म्हणाले. "ज्यानं त्यानं आपापल्या फोटोचं वर्णन लिहिलं होतं. सरावाची साइट वेगळी होती. सराव झाला की पुसून टाकणार होतो."

मी दार उघडून ओरडले आणि ऋतुराज पळत आला. त्याला विचारलं, फोटो कुठून आणलेस? सरावाच्या साइटवरूनच उचलले, तो म्हणाला, वर्णनांसकट, म्हणजे आपांना आवडेल. वाचली होतीस? वरवर. क्रांती कोण हे त्याला कुठं ठाऊक होतं? त्याला मी फक्त चेहरा तपासायला सांगितलं होतं, आणि त्यानं चेहराच तपासला. राजवीर बसला असेल रोज बायकोचं नाव फोनमध्ये टाकून शोधत. जे डोळ्याला दिसत नाही तेही गुगल वाचतं. नाव सापडलं, खाली पत्ता सापडला, नंबर सापडला.

ऋतुराजला मी इतक्या शिव्या घातल्या की आपांनी माझा दंड धरला. "ते नंतर. आधी ते वर्णन काढ, आणि पोरीला हलीव. फितूर कुणी न्हाय म्हटल्यावर आता गाडी कुठलीबी चालंल."

कडी वाजली आणि क्रांती बाहेर आली. सगळं ऐकलं होतं तिनं. चपला अजून हातात होत्या.

"आपा म्हणालत्या, माणूस कळलं पायजे," ती म्हणाली. "पुसणार हायत म्हणालते. म्हणून लिवलं. इतक्या महिन्यांत माझं नाव कुणी घेतलं न्हाय, ताई. नंदा ए, नंदा ओ. म्हटलं एकदा लिवून तर बघावं."

आपांनी आपल्या ओढणीनं डोळे पुसले. मी नौमानला हाक मारली.

५

मी नौमानला काहीच बोलले नाही. माफी मागायला तोंड नव्हतं. त्यानंही विचारलं नाही. गाडी दाराशी लावली, क्रांतीला मागच्या सीटवर आडवी झोपवली, वर आपांची शाल टाकली आणि आपा तिच्या पायाशी बसल्या. मी पुढं.

धुक्यात दिव्यांचा उजेड हातभर जायचा आणि थांबायचा. नौमान काच खाली करून कानानं गाडी चालवत होता. वळण आलं. दुसरं आलं. खालून येणाऱ्या गाडीचा आवाज यायला लागला आणि माझी बोटं सीटला चिकटली.

पांढरी जीप आमच्या शेजारी येऊन थांबली. काच खाली झाली.

"ओ पावणं," तो म्हणाला. तोच सावकाश आवाज. "वेबसाइटचं शिबिर कुठल्या हॉटेलात हाय वो? धुक्यात काय बी दिसंना."

तो पाव्हणा म्हणून आल्यासारखा धुतलेल्या शर्टात होता. त्याच्या शेजारच्या सीटवर कॅन होता. प्लास्टिकचा, निळ्या झाकणाचा. मी तो बघितला आणि माझ्या घशातून आवाज निघणार एवढ्यात नौमाननं माझं मनगट दाबलं, जोरात. राजवीरनं गाडीत डोकावून बघितलं. माझ्याकडं, मग मागं आपांकडं. शालीखाली क्रांती श्वाससुद्धा घेत नव्हती, आणि आता आपण सगळे जळून मरणार हे मला स्वच्छ दिसलं.

"सरळ वर जावा," नौमान म्हणाला. "डाव्या हाताला पिवळी पाटी. पण घाई करा, पावणं. कार्यक्रम उरकत आलाय."

"आजारी हाय का काय मागं कुणी?" राजवीरनं विचारलं.

"माझी लेक," आपा म्हणाल्या. त्यांचे न बघणारे डोळे बरोबर त्याच्या दिशेनं वळले होते. "उलट्या करतीया सकाळपास्नं. जाऊ दे बाबा आमाला."

तो सरळ झाला. जीप वर गेली.

नौमाननं गाडी पुढं काढेपर्यंत मला कळलंच नाही की मी रडते आहे. पुढच्या वळणावर पोलिसांची गाडी भेटली. मी दार उघडून जवळजवळ तिच्यासमोर पडले आणि जीप, कॅन, पिवळी पाटी एवढंच कसंबसं सांगितलं. त्यांनी त्याला हॉटेलच्या काउंटरवर पकडलं. चहा पीत होता म्हणे.

६

कॅन पेट्रोलचा निघाला. तरी तो सुटणार हे मला पोलीस ठाण्यातच कळलं. आज नाही तर पुढच्या महिन्यात. जीपमध्ये पेट्रोल ठेवणं हा गुन्हा नाही, बायकोला न्यायला येणं हाही नाही, असं त्याचा वकील आत्ताच बोलायला लागला होता.

म्हणून क्रांतीला कोल्हापूर सोडावं लागणार होतं. वसतिगृहाच्या बाईंनी दुसऱ्या गावी सोय केली. कुठल्या, ते त्यांनी मला सांगितलं नाही. निघायच्या दिवशी मी भेटायला गेले. तिची पिशवी भरलेली होती. ऋतुराजनं चिठ्ठी पाठवली होती, ती तिनं वाचून परत दिली. नौमानच्या अम्मीनं दोन ब्लाउज शिवून पाठवले होते, ते मात्र तिनं पिशवीत वरच ठेवले.

मला खूप बोलायचं होतं. ते वर्णन मी काढलं, गुगलवरनं पुसायला अर्ज केला, आता पुन्हा असं होणार नाही, हे सगळं मी बोलले. ती ऐकत होती. शेवटी गाडीपाशी माझ्यानं राहवलं नाही.

"आता काय नाव घेणार आहेस?"

तिनं माझा हात हातात घेतला. तिला राग नव्हता, आणि त्यानं मला जास्तच लागलं.

"ताई, ते तुमाला सांगायचं न्हाय," ती म्हणाली.

मी मान हलवली. गाडी गेली. ती बरोबर होती, आणि घरी येईपर्यंत मी रिक्षात रडत होते.